आभाळातला मोह

आमच्या भागात पाडव्याला नववर्षापेक्षा मोहाची घाई जास्त. मोह गळतो अपरात्री, आणि वेचायचा तो उन्हं चढायच्या आत, शिवाय गाईगुरांच्या आधी. त्यामुळे २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या पहाटे, लाखनी तालुक्यातल्या आमच्या घरची झाडून सारी माणसं बांधावर ओणवी झालेली होती. झाडाखालचा पालापाचोळा जाळून आजीने जमीन आधीच लख्ख करून ठेवली होती. मोहाचं फूल पिवळट, गुबगुबीत, रसाने टम्म; बोटांना चिकटतं आणि त्याच्या वासाने डोकं जड होतं. पुण्याहून आलेल्या भाचीने एक तोंडात टाकून विचारलं, "आजी, हे ऑर्गॅनिक आहे?"

"नाही वो माय," आजी म्हणाली, "मोहाचं आहे."

घरी आल्यावर गुढी. भंडारा जिल्हा पितळी भांड्यांचा, म्हणून आमच्याकडे गुढीवर तांब्या कुठला पालथा घालायचा हा गहन प्रश्न असतो. स्टीलचा तांब्या काढणाऱ्या धाकट्या काकूला आजीने नुसतं पाहिलं; काकूने निमूट चिंच भिजत घातली. आजीच्या लग्नातला लोटा चिंचेने घासून काठीवर चढला आणि उन्हात असा चमकला की शेजाऱ्यांना अंगणातली बाज हलवावी लागली. काकांनी दुरून एक डोळा मिटून गुढी वाकडी असल्याचं जाहीर केलं. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आयुष्य घालवल्यामुळे आकाशाच्या दिशेने रोखलेल्या कोणत्याही वस्तूवर शेवटचा शब्द आपला, असं ते मानतात. पुढे पुरणपोळी, कढी, वडे, परत पुरणपोळी. दुपारी कूलरसमोरच्या जागेवरून जे झालं ते घरातच राहिलेलं बरं.

सूर्यास्ताला गुढी उतरली, गाठीचे तुकडे करण्यावरून पोरांची मारामारी झाली आणि गाद्या गच्चीवर गेल्या. इथे भाऊजींचं राज्य सुरू झालं. भाऊजी नागपूरचे. रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून आल्यापासून त्यांना खरं आकाश जरा कमी प्रतीचं वाटतं. त्यांनी मोबाइलमध्ये ताऱ्यांचं अ‍ॅप उघडलं. होकायंत्र जुळवण्यासाठी फोन आठच्या आकड्यात फिरवा, असा त्याने हुकूम सोडला. जावईबापू अंधारात उभे राहून फोन गोल गोल ओवाळताहेत हे पाहून आजीने मला हळूच विचारलं, "काहून गा, कोणाची नजर उतरवून राहिले?"

तेवढ्यात लाइट गेली. कधी नव्हे ते सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशीच अमावास्या झालेली. चंद्राची कोर हजेरी लावून केव्हाच मावळली होती. नैर्ऋत्येला मृग आणि त्याच्या मागे व्याध, ईशान्येला सप्तर्षी. भाऊजी क्रतू, पुलह, पुलस्त्य अशी ऋषींची हजेरी घेऊ लागले. आजीला हे मंजूर नव्हतं.

"ते बुढीचं खाटलं होय," ती म्हणाली. "चार खूर दिसते नाही का? अन् मागचे तीन चोर. खाटलं चोराले टपले हायेत."

"मग बुढी कुठे आहे?" भाची.

"बसली असन जागत. चोर असल्यावर कोणाले झोप लागते?"

पोरांनी ऋषींना तिथल्या तिथे निवृत्त केलं. भाऊजी घसा खाकरून मृगाकडे वळले, आणि पावणेआठच्या सुमाराला पश्चिमेकडून ते आलं.

आधी एक ठिपका, मग त्याचे तुकडे, प्रत्येकाच्या मागे लालसर शेपूट. ओळीने, सावकाश, दक्षिणेकडे. "उल्का!" भाऊजी ओरडले. पण उल्का एखाद्या क्षणात विझते. ही वरात संपेचना. बाबा म्हणाले, विमान. काकांनी एक डोळा मिटला आणि निर्वाळा दिला, "आमच्याकडचं नव्हे." काकूने व्हिडिओ काढला, त्यात तिचा अंगठा आणि "अगं बाई, अगं बाई" एवढं स्पष्ट आलं आहे.

आजी शांतपणे म्हणाली, "आभाळाचा मोह गळते."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर उलगडा झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आभाळातून येऊन पडलं होतं. आसपास गोळेही सापडले. सुदैवाने कोणालाही लागलं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या 'चांग झेंग ३बी' अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. म्हणजे वर्षभर ते धूड पृथ्वीला फेऱ्या मारत होतं आणि उतरायला त्याने नेमका पाडवा गाठला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. चीनमध्येही पंचांग पाहत असावेत, असं बाबांचं मत पडलं. "पाहा, आमच्याकडचं नव्हतं," काका म्हणाले.

आजीने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "कडं पितळेचं हाय का?" नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस निम्मा झाला. दुसरा, "सिंदेवाहीले आपल्या मोठीची नणंद दिली ना? लाव फोन."

फोन लागला. कडं आता पोलीस ठाण्यात नेलंय, इस्रोचे लोक बघायला येणार म्हणतात, हे सारं नणंदबाईंनी एका दमात सांगितलं. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. कडं बघायच्या निमित्ताने सासरचे सगळे पाहुणे घरी उतरले होते, आणि पाडव्याचं उरलेलं पुरण दुपारीच संपलं होतं.

"मग आमच्याकडे ये," आजी म्हणाली. "येताना मोहासाठी एक टोपलं घेऊन ये."