स्वाभिमानाने स्थलांतर कसे करावे (आणि मग नोकरी कशी शोधावी)

तुम्ही बेळगावकडचे मराठी, पोटासाठी बंगळूरच्या यशवंतपुरात भाड्याने राहता. दर १ नोव्हेंबरला बंगळूर राज्योत्सव साजरा करतं, तुमच्या गावात काळा दिन पाळतात आणि तुम्ही मेट्रोत मान खाली घालून मोबाइल बघता. यंदा मात्र ठरलं: १९५६ पासून महाराष्ट्र आपल्यापर्यंत येईना, तर आपणच महाराष्ट्रात जाऊ. मुक्काम चंदगड तालुका. अभिनंदन! आता पोटाचं बघू.

१. प्रस्थान : घरमालकाला खरं कारण सांगू नका. सीमाप्रश्न ऐकून कुणी डिपॉझिट परत दिल्याचं ऐकिवात नाही. ‘आईला बरं नाही’ म्हणा, आणि तेही कन्नडमधून. तत्त्वाची सुरुवात पैसे हातात पडल्यावर करावी.

२. सरकारी नोकरी : महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना राज्याच्या भरतीत सवलत आहे. त्यासाठी तिथल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तुमची वर्षं यशवंतपुरात गेली, आणि नाव कितीही मराठी वाटलं तरी यशवंतपूर त्या ८६५ मध्ये नाही. थोडक्यात, सवलत तिकडे थांबलेल्यांना आहे. धावत आलेल्यांना नाही.

३. खासगी नोकरी : शिनोळी आणि हलकर्णीला औद्योगिक वसाहत आहे, तालुक्यात काजूचे कारखाने आहेत. बायोडेटातला ‘क्लाउडचा अनुभव’ खोडून टाका. चंदगडात जूनपासून ढग फुकट मिळतात. ‘काजू सोलता येतो’ असं लिहा, आणि लिहिण्याआधी एकदा सोलून बघा.

४. ओळखीपाळखी : तरणी पोरं मुंबई, पुणे नाहीतर गोव्याला गेलेली असतात. कुलूप नसलेलं घर शोधा, नाहीतर पारावर बसा. तिथले आजोबा विचारतील, ‘‘कुठनं आलास?’’ खरं सांगा. ते लगेच सरकून बसतील, ‘‘बंगळूर? मग आमच्या नातवाला तिथं कुठं चिकटवशील काय?’’

५. रामबाण उपाय : चारही पायऱ्यांवर पाय घसरला, तर नकाशा काढा. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर शंभरावर किलोमीटर दूर. बेळगाव मात्र शिनोळीच्या पलीकडेच. चंदगडची रताळी विकायला बेळगावात जातात, पेशंट बेळगावात जातो, लग्नाचा बस्ताही तिथेच बांधतात. नोकरीही तिथेच मिळेल. सकाळी डबा घेऊन महाराष्ट्रातून निघा, दिवसभर कर्नाटकात राबा, रात्री महाराष्ट्रात झोपायला या. स्वाभिमान शाबूत, पगार चालू.

सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. निकालाची वाट बघत घरी बसू नका. बसचा मासिक पास काढा.