गुणवंतांची प्रतवारी

दहावीत नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेल्या मुलांना आणखी पुढे ढकलण्याचा जो उद्योग कोटा आणि लातूर येथे नावारूपाला येऊन जळगावपर्यंत पसरला, त्याची एक शाखा जवळच्या असोद्यात असू नये, हा ग्रामीण गुणवत्तेवरील अन्यायच होय. त्यामुळे तेथे निवडक विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारी केंद्र काढू इच्छिणाऱ्या शिक्षणप्रेमींना या उद्योगाचे शास्त्र थोडक्यात समजावून देणे इष्ट ठरते.

शास्त्राचा पाया निवड हा आहे. त्यासाठी ‘शिष्यवृत्ती परीक्षा’ घेतात. म्हणजे आधी फुगवलेली फी नंतर गुणांनुसार कमी करून पालकांना उपकृत करतात. वरच्या मुलांची ‘स्टार बॅच’ होते, तिला उत्तम शिक्षक मिळतात, आणि तिचा खर्च मागच्या तुकड्यांच्या फीमधून निघतो. ‘नीट’मध्ये 180 प्रश्नांना 720 गुण असून चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे न येणारा प्रश्न सोडून देण्याची सवय मुलांना लावावी लागते; केंद्र हेच तत्त्व मुलांना लागू करते. भरिताची वांगी पिकवणाऱ्या असोद्याला हे लगेच उमगेल, कारण बाजारात वांग्यांची प्रत लावणारा व्यापारी ती आपणच पिकवली असे अजून तरी म्हणत नाही. पाटण्यात आनंद कुमार यांनी 2002 मध्ये ‘सुपर 30’ सुरू केले, तेव्हा गरीब मुलांना राहणे, जेवण व शिकवणी मोफत होती. अनुकरण करणाऱ्यांनी त्यातले ‘सुपर’ आणि आकडा तेवढा उचलला.

दुसरे अंग ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे एकात्म अभ्यासक्रमाचे. यात विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि रूप क्लासच्या वातानुकूलित खोलीत असते. नामरूपाची इतकी स्वच्छ फारकत वेदान्तालाही साधली नव्हती. शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक, म्हणजे बोटाच्या ठशावर चालणारी, हजेरी सक्तीची केली खरी, परंतु ठसा उमटल्यानंतर उर्वरित देहाने कोठे बसावे, हा प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा होता. प्रयोगशाळेतील ब्युरेट मात्र या काळात फुटण्यापासून वाचल्या.

जानेवारी 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देता येत नाही. म्हणून आठवीच्या ‘फाउंडेशन’ला ‘उन्हाळी संस्कार शिबिर’ म्हणावे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीही नियम आले, ज्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे सांगणे बंधनकारक आहे. एकच मुलगा वर्गामुळे, सराव परीक्षेमुळे आणि आठवड्याच्या उजळणीमुळे असा तीन फलकांवर तीनदा यशस्वी होत असे, त्या परंपरेवर हा आघातच होता.

केंद्राच्या माहितीपत्रकावर बहिणाबाई चौधरींचे चित्र असणे स्वाभाविक आहे, कारण 1880 मध्ये त्या याच गावात जन्मल्या आणि 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या उमेदवारांनी अर्ज करू नये, ही सूचना त्याच पानावर खाली, बारीक टायपात घालावी. मध्येच क्लास सोडणाऱ्याची उरलेली फी दहा दिवसांत परत करावी, असेही 2024 च्या सूचनांत म्हटले आहे. ते छापायला पत्रकात जागा उरणार नाही, कारण मागचे संपूर्ण पान हप्त्यांच्या तक्त्याने व्यापलेले असेल.