पंजिरी नव्हे, चर्पटपंजरी

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी तुम्ही नातवाला पहाटे उठण्याचे फायदे सांगत होतात, तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजून गेले होते. पाऊण तासाने मागून आईचा आवाज आला, "पुरे तुमची चर्पटपंजरी! पोरगं पेंगायला लागलंय." फोन ठेवल्यावर चिरंजीव म्हणाले, "आजी पंजिरी देणार होती ना?"

म्हटलं, ही खायची नाही, ऐकायची. पचायला जड. चर्पटपंजरिका हे शंकराचार्यांच्या नावावरचं स्तोत्र, म्हणजे आपलं 'भज गोविंदम्'. काशीत एक म्हातारा व्याकरण घोकत बसलेला पाहून आचार्यांना ते सुचलं, अशी कथा आहे. घोकंपट्टीला वैतागून रचलेलं स्तोत्रच आपल्याकडे इतकं घोकलं गेलं असावं, की मराठीत त्याच्या नावाचा अर्थ कंटाळवाणा उपदेश असा झाला. स्तोत्र बिचारं ठेक्यात चालणारं आहे हो!

नुसतं बोलणं लांबलं तर आपण त्याला गुऱ्हाळ म्हणतो. पण गुऱ्हाळात शेवटी गुळाची ढेप तरी निघते, आणि कंटाळा आला की उठून जाता येतं. चर्पटपंजरी आपल्या भल्यासाठी असते, त्यामुळे उठायचीही सोय नाही. शिवाय ती कायम दुसऱ्याचीच असते. 'आता मी जरा चर्पटपंजरी लावतो' असं म्हणणारा अजून जन्मायचाय.

तसं आपल्याकडे लांबीचं वावडं नाहीच. बारामतीत राहून मोरोपंतांनी 108 रामायणं रचली म्हणतात. त्यात एक निरोष्ठ, म्हणजे ओठ मिटायचेच नाहीत. प, ब, म वर्ज्य. रामायण सांगायचं, पण 'राम' म्हणायचं नाही! परवा मध्येच इंटरनेट अडकलं आणि तुम्ही तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजलात, तेव्हा ही म्हणाली, "अण्णांचं निरोष्ठ सुरू झालं."

काल कार्टा नळ सोडून दात घासत होता. मी नीरा डाव्या कालव्यापासून सुरुवात केली. 1885 सालचा कालवा, पाण्याची पाळी, सणसरच्या रानात रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारे तुम्ही, चिखलात गेलेली तुमची चप्पल... चपलेपर्यंत पोचलो तेव्हा त्याने गुपचूप नळ बंद केला, तोंड पुसलं आणि आईला हाक मारली, "मम्मा, बाबांची पंजिरी!"

आईला नमस्कार. उसाला तोड आली का, ते कळवा. थोडक्यात.

तुमचा,
बाळू