अकराव्याला जागा नाही

बारा संगणक, सोळा पोर्टांचा एक स्विच, भिंतीवर खिळ्यांनी टांगलेली निळी केबल आणि 'आपलं ऑफिस आता नेटवर्कवर आहे' हे सरांचं वाक्य, एवढ्या भांडवलावर सांगलीतलं आमचं सीएचं ऑफिस एकविसाव्या शतकात शिरलं.

सर्व्हर घ्यायचा की नाही यावर चर्चा अशी झालीच नाही, कारण सर कोटेशन नेहमी खालून वर वाचतात. मग हार्डवेअरवाल्यानेच तोडगा काढला. सर्व्हर कशाला हवा? विंडोज एक्सपी आहे ना! एक मशीन कोपऱ्यात ठेवा, त्यातलं फोल्डर शेअर करा, टॅलीचा डेटा त्यात टाका, प्रिंटरही त्यालाच लावा. याला पिअर टू पिअर म्हणतात, सगळी मशीनं समान, कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. सीएच्या ऑफिसात सगळे समान, ही कल्पना आम्हा आर्टिकल्सना, म्हणजे उमेदवारी करणाऱ्या पोरांना, इतकी नवी होती की पुढचं कोणी काही विचारलंच नाही.

जाताना त्याने मशीनना नावंही देऊन टाकली. कोपऱ्यातलं 'कृष्णा', सरांचं 'कोयना', मग वारणा, येरळा, अग्रणी, माणगंगा. नद्या संपल्यावर गडी ओढ्यांवर उतरला.

बराच काळ सगळं सुरळीत चाललं, कारण कोणी ना कोणी रजेवर, बँकेत किंवा चहाला असायचंच. जुलैत आमच्याकडे रजा आटतात. 31 तारखेला रिटर्न भरायची मुदत, त्यामुळे सगळे जागेवर. आणि एका सकाळी अग्रणीच्या पडद्यावर इंग्रजीत निरोप उमटला. त्याचा मथितार्थ असा, की या संगणकाला जेवढे पाहुणे घेता येतात तेवढे आत आलेले आहेत, आपण नंतर या.

केबल हलवून झाली, स्विचची पिन काढून घालून झाली. शेवटी हेडक्लार्क अण्णांनी कृष्णाच बंद करून चालू केलं आणि अग्रणी आत गेली. जल्लोष संपेपर्यंत येरळा बाहेर! आधी हिला झालेला आजार मग तिला, म्हणजे हा संसर्ग आहे, असा निष्कर्ष हार्डवेअरवाल्याने फोनवरच काढला आणि व्हायरस साफ करण्याचं वेगळं बिल लावलं.

खरी गोष्ट व्हायरसपेक्षा सोपी होती. एक्सपी प्रोफेशनल एका वेळी बाहेरच्या 10 संगणकांनाच आत घेतं. एक्सपी होम तर 5 वरच हात जोडतं. फाइल मागा, प्रिंटर मागा, दोन्ही मागा, हिशेब पाहुण्या मशीनचा. आमच्याकडे कृष्णा सोडून अकरा मशीनं होती. म्हणजे कितीही कृष्णा बंद करा, कितीही केबली हलवा, कोणीतरी एक बाहेर राहणार हे गणितानेच ठरलेलं होतं. स्विचची चार भोकं रिकामी होती, पण परवाना भोकं मोजत नाही.

आणि हो, यंत्र दमतं म्हणून दहा, असा गैरसमज नको. 1996 साली विंडोज एनटी 4.0 आलं तेव्हा स्वस्त वर्कस्टेशन आणि महाग सर्व्हर अशा दोन आवृत्त्या होत्या. मार्क रुसिनोविच आणि अँड्र्यू शुलमन या सॉफ्टवेअरतज्ज्ञांनी आत डोकावून पाहिलं, तर दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच. आपण कोण आहोत हे ते रजिस्ट्रीतल्या नोंदीवरून ठरवायचं. दहाचा आकडा यंत्राच्या ताकदीचा नाही, दुकानाच्या मांडणीचा आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. करारात लिहिलेलं असतं. करार वाचण्यावर ज्यांचं पोट चालतं त्या ऑफिसात तो कोणी वाचला नव्हता, एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. आत शिरलेलं मशीन काम करत असेलच असं नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा प्रकार. एकदा शेअर केलेलं फोल्डर उघडलं की काही न करताही जागा तुमची. पंधरा मिनिटं हालचाल झाली नाही तर कृष्णा रुमाल उचलून टाकतं. पण फाइल उघडी असेल तर नाही, कारण मग रुमालाच्या जागी प्रवासी स्वतःच घोरत असतो.

हे तपासायला 'नेट सेशन' नावाची आज्ञा आहे. कृष्णावर ती दिली की कोण आत आहे, किती फाइली उघड्या आहेत आणि किती वेळ नुसतं बसून आहे, अशी यादी मिळते. अण्णांच्या हाती ही यादी लागली आणि ऑफिसातली समानता त्याच दुपारी संपली. पुढे 'डिलीट' लिहिलं की त्या मशीनला बाहेर काढता येतं, हेही त्यांना कळलं. 'माणगंगा, चाळीस मिनिटं कोरडी आहे!' अशी आरोळी यायची आणि जेवायला गेलेल्या आर्टिकलची न साठवलेली एंट्री वाहून जायची. यादीत सगळ्यात जास्त वेळ रिकामी असायची कोयना. तिला हात लावायची अण्णांची छाती झाली नाही. 'सरांचं काही तरी चालू असेल रे,' म्हणायचे. सर तेव्हा कोर्टात असायचे.

मग अण्णांनी पंधरा मिनिटांची मुदत पाचवर आणली. त्याला उत्तर म्हणून आम्ही दर चार मिनिटांनी फोल्डर उघडून मिटायला शिकलो. त्या जुलैत ऑफिसात सर्वांत तत्परतेने झालेलं काम ते.

या सगळ्यावर सांबा नावाचा फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम हा उपाय होता. कॅनबेरात शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेलने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेला, लिनक्सवर चालणारा, फुकट आणि दहाची अट नसलेला. पण 'फुकट आहे तर दुरुस्तीला कोण येणार?' या सरांच्या प्रश्नापुढे सांबा टिकला नाही. शेवटी अण्णांनाच सुचलं, मर्यादा नेटवर्कला नाही, प्रत्येक मशीनला आहे. म्हणून निम्मी अशिलं वारणेवर हलवली. तिथे आणखी दहा जागा मोकळ्या! पिअर टू पिअरचा खरा अर्थ असा आमच्या हेडक्लार्कने शोधला, तोही सर्व्हरचा एक रुपया न खर्चता.

पुढे विंडोज 7 ने ही मर्यादा 20 केली आणि 11 आलं तरी ती वीसच आहे. तेव्हा ऑफिस वाढवणार असाल, तर कोपऱ्यातलं मशीन सोडून बाकीची मोजा, आणि त्यातल्या एकविसाव्यासाठी माणूस नेमण्याआधी परवान्याचा कागद एकदा वाचा. अण्णा आता निवृत्त झाले आहेत.