थकबाकीदार पार्टनरचे शास्त्र

पुण्यात बिऱ्हाडावाचून राहणाऱ्या तरुणांच्या निवासाचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. ‘कॉट बेसिस’ या पहिल्या प्रकारात भाडेकरूला खोली मिळत नाही. खोलीतील एक लोखंडी कॉट, तिच्याखाली बॅग सरकवण्याइतकी फरशी आणि भिंतीवरचा एक खिळा एवढेच त्याच्या वाट्याला येते. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांच्या कित्येक तुकड्या अशा खिळ्याला शर्ट टांगून तयार झाल्या असून, येथे प्रत्येक कॉटचा व्यवहार थेट मालकाशी असल्यामुळे एका कॉटचे भाडे थकले तरी शेजारच्या कॉटची झोप उडत नाही. दुसऱ्या प्रकारात वाकड, बाणेर किंवा कर्वेनगर येथील एखादा फ्लॅट तिघे-चौघे मिळून घेतात, भाड्याचे समान वाटे तोंडी ठरवतात आणि एकमेकांना ‘पार्टनर’ म्हणू लागतात. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेला थकबाकीदार पार्टनर या दुसऱ्या प्रकारातच फोफावतो, कारण मालक नावाचा त्याचा हाडवैरी येथे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मालकाला पाच तारखेला सगळी रक्कम एकाच खात्यातून मिळते, आणि ते खाते, पहिल्या दिवशी ‘सध्या माझ्याकडून करू’ असे ज्याच्या तोंडून निघून गेले, त्या अभाग्याचे असते.

कायद्याने या अभाग्याची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असावा लागतो, त्याची नोंदणी व्हावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची असते. त्यामुळे मालकाशी असलेले नाते ‘लिव्ह अँड लायसन्स’ या, बहुधा अकरा महिन्यांच्या, करारावर अंगठे उमटवून पक्के होते, तर पार्टनरांचे आपसातले नाते कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन कटिंगमध्ये पक्के होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४३ तर याहून बोलके आहे. अनेकांनी मिळून दिलेल्या वचनाला हा अधिनियम संयुक्त वचन मानतो आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर त्याची संपूर्ण पूर्तता त्यांपैकी कोणाही एकाकडून करून घेण्याची मुभा देतो. ज्याने भरले त्याने इतरांकडून समान वाटा मागावा, आणि एखाद्याने तो दिलाच नाही, तर उरलेल्यांनी तो तोटा सारखा वाटून सोसावा, असे त्यात नमूद आहे. वाकडला शेते होती त्या काळात कायदेकर्त्यांनी थकबाकीदार पार्टनर ओळखला होता, एवढेच नव्हे, तर त्याच्यापुढे हातही टेकले होते. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते हे खरे, परंतु सात हजारांसाठी दावा लावायचा आणि त्याच प्रतिवादीला रोज सकाळी गीझर चालू ठेवायला सांगायचे, हे धैर्य आजवर फारसे कोणी दाखवलेले नाही.

थकबाकीदार पार्टनर गरीब असतो, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना गैरसमज होय. खरोखर अडलेला मनुष्य महिना संपण्यापूर्वीच येऊन, या वेळी घरून पैसे आलेले नाहीत, अर्धे चालतील का, असे खालच्या मानेने विचारतो आणि बहुधा पुढच्या पंधरवड्यात उरलेले चुकते करतो. त्याचा या शास्त्राशी काही संबंध नाही. अस्सल थकबाकीदार हा चपलांच्या स्टँडवरील नव्या बुटांवरून आणि वॉचमनकडे पडून असलेल्या पार्सलांवरून ओळखावा. पाच तारखेला त्याच्या बँकेचा सर्व्हर बंद असतो, सहाला यूपीआयची मर्यादा संपलेली असते, सातला तो ‘रात्री टाकतो’ असे सांगतो आणि कोणती रात्र, हे विचारण्याचा हक्क समोरच्याला उरत नाही. २०१६ पासून चालू असलेल्या या यूपीआयने टपरीवरच्या चहाचे पैसे निमिषार्धात पोचतात, हे तो स्वतः दिवसातून तीनदा सिद्ध करतो; भाडे मात्र अद्याप बैलगाडीने निघते आणि वाटेत मुक्काम करते.

लहान हिशेबांत हाच मनुष्य कमालीचा चोख असतो, ही बाब अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी. फ्रीजच्या दारावर चुंबकाने अडकवलेल्या कागदावर ‘दूध १४, कोथिंबीर ५, मावशींना जास्तीचे ५०’ अशा नोंदी त्याच्याच सुवाच्य अक्षरात असतात आणि त्याखाली कोणाकडून किती येणे, हेही त्यानेच लिहिलेले असते. बाकी फारच तुंबली, तर एखाद्या संध्याकाळी तो चार वडापाव घेऊन येतो, तळलेल्या मिरच्यांची पुडी सोडतो आणि ‘आजचं माझ्याकडून’ असे जाहीर करतो. सात हजारांचा धनको तो वडापाव खातो. खाल्ल्यावर त्याला निदान आठवडाभर तोंड उघडता येत नाही, आणि याहून स्वस्त व्याजदर कोणत्याही पतसंस्थेत उपलब्ध नाही.

येथे या व्यवस्थेचे खरे भांडवल दिसू लागते, ते म्हणजे देणाऱ्याची भीड. भीड ही भिकेची बहीण आहे असे जुने लोक म्हणत, पण फ्लॅटमध्ये ती भाड्याची सख्खी आई असते. पैसे मागायचे ठरवल्यावर धनको आधी घसा खाकरतो, मग क्रिकेटचा विषय काढतो आणि शेवटी खोलीत जाऊन ग्रुपवर ‘मित्रांनो, जमेल तसं भाडं टाका रे’ असे लिहितो. बाकी एकाचीच असताना अनेकवचन वापरावे, असा या क्षेत्राचा शिष्टाचार आहे. ज्यांनी भरलेले असते ते ओशाळून लगेच खुलासा करतात, तर थकबाकीदार अंगठा दाखवतो. हा अंगठा संमतीदर्शक समजला जातो. पुढे कधी विषय नेमका त्याच्यावर आलाच, तर ‘पैशासाठी असं बोलशील असं वाटलं नव्हतं’ या एका वाक्यात वादी आणि प्रतिवादी यांच्या जागा बदलतात. बँकांच्या जगात कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते अनुत्पादक मालमत्तेत जमा होते. फ्लॅटमध्ये तेवढ्या अवधीत ते मैत्रीत जमा होते.

पूर्वी असे सहसा होत नसे, आणि त्याचे श्रेय त्या काळच्या सचोटीला देण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार आपापल्या गावच्या खोलीत दाटीवाटीने, पाळीपाळीने झोपत, आणि पगार होईपर्यंत खानावळवाल्या बाई त्यांना उधारीवर जेवू घालत. धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या ‘कूड’ या सामुदायिक वसतिस्थानांतही गावच्या नात्यानेच जागा मिळे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहावे लागे. अशा ठिकाणी बाकी थकवणे म्हणजे गावाची बाकी थकवणे होते आणि तिची वार्ता थकवणाऱ्याच्या आधी त्याच्या घरी पोचण्याची धास्ती होती. आजचा पार्टनर इंटरनेटवरच्या जाहिरातीतून येतो, त्याच्या गावाचे नाव माहीत असले तरी तेथे कोणाला कळवावे हे माहीत नसते, आणि त्याच्या आईने पाठवलेले बेसनाचे लाडू खाल्लेले असल्यामुळे त्या माउलीला फोन करण्याचा मार्गही नैतिकदृष्ट्या बंद झालेला असतो.

उपायांपैकी एकच उपाय खात्रीचा आहे: फ्लॅटमध्ये पाऊल ठेवतानाच प्रत्येकाकडून एका महिन्याची रक्कम आगाऊ घेऊन बाजूला ठेवणे, म्हणजेच मैत्रीच्या आत गुपचूप कॉट बेसिस लागू करणे. तो कोणीही करत नाही, कारण पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना फार आवडलेले असतात. त्यामुळे प्रत्यक्षात वायफायचा पासवर्ड बदलण्यावर भागवले जाते. याचा परिणाम विलक्षण असतो. तीन महिने बंद असलेला सर्व्हर पाच मिनिटांत चालू होतो आणि वायफायच्या वाट्याचे पैसे, पूर्णांकात न करता, रुपया-पैशांसह जमा होतात. भाड्याविषयी विचारल्यास डिपॉझिटमधून वळते करून घेण्याचा सल्ला मिळतो. त्या डिपॉझिटमधला त्याचा वाटाही धनकोनेच भरलेला होता, ही आठवण करून देणे असभ्य मानले जाते. मध्येच सोडून जाणाऱ्याने आपल्या जागी दुसरा माणूस आणून द्यावा, ज्याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात, हा या क्षेत्रातील एकमेव नियम थकबाकीदार पार्टनर मात्र काटेकोरपणे पाळतो: तो आपल्या सख्ख्या मावसभावाला आणतो, मागची बाकी आता हाच बघेल असे सांगतो आणि जाताना फ्रीजवरच्या कागदावरील दुधाचे चौदा रुपये आठवणीने मागून घेतो.