शोषखड्ड्यातलं तगर

"झाल्या का गं भाकरी?"

भिंतीवरून ही हाक आली की समजायचं, भाकरी नुसतं निमित्त आहे. आमच्या आणि आक्कांच्या परसामधली भिंत कमरेएवढी. तिच्यावर सूप टेकवून आक्का ज्वारी निवडतात आणि गाव पाखडतात. भिंतीतल्या काही विटा आजच्या विटांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. त्या कुणी कुठून आणल्या, हे तेरमध्ये विचारायचं नसतं.

आज सुपात ज्वारी नव्हती, खापऱ्या होत्या.

"नातवानं न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा घेतलाय. मुरूम लागंल म्हणलं, तर हेच निघायलंय. तू ह्याच्यावरच यम्मे केलीस न्हवं? बघ की."

मी पाहिलं. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी अशी एक खापरी. कंगोऱ्यांची एक. शंखाच्या बांगडीचा नखाएवढा तुकडा. आणि कडा घासून गोल केलेली, जुन्या रुपयापेक्षा जरा मोठी अशी एक.

"ही तर ठिकरी!" आक्कांनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "आम्हीबी अशाच धोंड्यावर घासून करायचो. अंगणात घरं आखायची आन् लंगडी घालायची."

"उत्खननाच्या अहवालांत ह्या गोल खापऱ्या हटकून असतात, आक्का. इंग्रजीत त्यांना ठिकरीच्या खेळाचंच नाव दिलंय. कुणी म्हणतं खेळायच्या, कुणी म्हणतं गाडग्यांची झाकणं."

"झाकणं कशाची? ज्यांनी कधी ठिकरी खेळली न्हाई ते म्हणायले असतील." हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला. "किती जुनं असंल?"

"दोन हजार वर्षं तरी. सातवाहनांच्या वेळचं."

"म्हंजे गोरोबाकाकांच्या बी आधीचं?"

"बारा-तेराशे वर्षं आधीचं."

"तवाबी कुंभार हुतेच म्हण की गावात." त्यांनी खापरीवर नखानं टिचकी मारली. खणकन वाजली. "पक्कं हाय. गोरोबाकाकांनी थापटणं मारलं असतं तरी पास झालं असतं."

आमचे सरही अशीच टिचकी मारायचे. भट्टी किती तापली होती, याचा पहिला अंदाज कानालाच येतो. हे मी आक्कांना सांगितलं नाही. उगाच शेफारल्या असत्या.

मग विषय पांढरीवर गेला. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती एकावर एक साचत जाते आणि जमीन भुरकट पांढरी होऊन उंचावते. पुण्यामुंबईचे लोक तिला टेकाड म्हणतात. आक्कांच्या सासऱ्यांनी ह्याच पांढरीची माती गाड्यांनी आणून माळवदावर घातली होती.

"गळत न्हाई ती माती. आन् रानात टाकली तर पीक बी जोरात. ढिगानं मणी निघायचे तिच्यात, पावसाळ्यात तर वेचायलाच जायचो आम्ही पोरी."

मी गप्प बसले. आमच्या माळवदावरही तीच माती आहे. मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी असं जे निघेल ते गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जमवलं, म्हणून हजारो वस्तू आज गावातल्याच सरकारी संग्रहालयात आहेत. नाहीतर तेरचा निम्मा इतिहास माळवदांवर पसरलेला राहिला असता.

"पर ह्या गावात एवढं हुतं काय?"

"कापड. इथलं कापड समुद्रापार रोमच्या राज्यात जायचं. गावाचं नाव तेव्हा तगर."

सूप खाली आलं. आक्कांनी सूप खाली ठेवलं म्हणजे गोष्ट कामाची आहे.

"कुणी सांगितलं?"

"पहिल्या शतकात मिसरकडचा एक ग्रीक व्यापारी होता. नाव कुणाला ठाऊक नाही. त्यानं बंदरांची एक वही लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणतात तिला. तो लिहितो, भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीक येतो. तगरहून साधं कापड भरपूर, शिवाय मलमलीचे सगळे प्रकार. सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला."

"पैठणच्या पूर्वेला?" आक्कांनी हातानं दिशा दाखवली. वारीत पायांनी नकाशा शिकलेली बाई. "आपण तर पैठणच्या खाली हाव. त्यो आला तरी हुता का इथं?"

"बहुतेक नसावा. भडोचच्या धक्क्यावर गाडीवान काय सांगतात ते ऐकून लिहिलं असणार."

"मंजे गप्पा!"

"गप्पाच. पण त्या पूर्वेनं केवढा घोळ घातला! तगर कुठलं ते शोधताना कुणी म्हणालं जुन्नर, कुणी दौलताबाद, कुणी धारूर…"

"धारूर?"

इथं माझं चुकलं. धारूरला आक्कांची विहीण राहते. दोघींचं वाकडं लग्नातल्या आहेराच्या साडीपासून आहे.

"धारूरचा काय संबंध? तिथं कापड विणणारं हुतं कोण?"

"म्हणूनच तर टिकलं नाही ते. १९०१ साली फ्लीटसाहेबानं दाखवून दिलं की तगर म्हणजे तेर. दिशा चुकली असली तरी दिवसांचा हिशोब बरोबर बसतो. भडोच-पैठण वीस दिवस लागतात, तर त्याच चालीनं पुढं दहा दिवस गाडी हाकली की ती इथंच येते. आणि कोकणातले नि कोल्हापूरचे शिलाहार राजे पुढं कित्येक शतकं ताम्रपटात स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवून घेत होते. राज्य तिकडं, बिरुद इथलं."

"पुण्यात फ्लॅट घेतला तरी लग्नाच्या पत्रिकेत मूळगाव तेर घालत्यात, तसं." आक्का खूश झाल्या. "आन् कापडाच्या बदल्यात काय यायचं?"

व्यापारावर मी वर्गात पानंच्या पानं लिहिली होती, पण हा साधा प्रश्न तिथं कुणी एवढ्या उत्सुकतेनं विचारला नव्हता. मी वहीतली यादी सांगितली. भडोचला तांबं, कथील, शिसं उतरायचं. पोवळं, काच, डोळ्यांत घालायचा सुरमा, हातभर रुंदीचे रंगीत कंबरपट्टे. दारू, आणि तीही इटलीची असली तर जास्त चांगली. राजासाठी माल वेगळा: चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनान्यासाठी देखण्या पोरी.

"राजाच्या घरात काय चालायचं ते बरं ठाऊक त्याला!"

"व्यापारी ना तो. गिऱ्हाइकाची आवड ठाऊक नको?"

"आपल्या गावात त्यातलं काय आलं?"

"सोनं येवो न येवो, सोन्याची हौस आली. रोमन नाण्याचा ठसा उठवलेली मातीची पदकं सापडलीत तेरला. दोऱ्यात ओवायला भोकं पाडलेली."

"बेंटेक्स!"

आमच्या विषयातल्या जाडजूड ग्रंथांत या पदकांना काय काय म्हटलंय. इतका नेमका शब्द मी कुठं वाचलेला नाही.

"आन् मोठं घर कुणाचं हुतं?"

हा त्यांचा खरा प्रश्न. पण अख्खी आळी उकरून कुणाचं घर केवढं ते बघायचं, तर शिरूरजवळ घोडनदीकाठी इनामगावला जावं लागतं, आणि काळ आणखी हजारभर वर्षं मागं. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं खणलं, शंभरावर घरं निघाली. बहुतेक घरं एका खोलीची, एक मात्र पाच खोल्यांचं, आणि धान्याचं कोठार त्याला लागूनच.

"मग सरपंचाचंच ते."

"विद्वानही तेच म्हणतात. मुखियाचं."

"त्यात विद्वान कशाला लागतोय? राशनचं दुकान कुणाच्या वाड्यात असतंय?"

मग मी सांगितलं की तिथं लहान लेकरं घराच्याच जमिनीखाली पुरायचे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायचे आणि आत लेकरू. आक्का जरा वेळ ठिकरीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"लांब न्यायचा जीव झाला नसंल," त्या म्हणाल्या. त्यांचंही एक गेलेलं आहे. आम्ही दोघींनी तो विषय तिथंच सोडला.

"त्या रोमच्या बायका… नेसायच्या का आपलं कापड?"

"नेसायच्या म्हणजे? प्लिनी नावाचा एक मोठा माणूस कुरकुर करून लिहून गेलाय. हिंदुस्थान दरसाल आमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, चीन आणि अरबस्तान धरले तर १० कोटी. एवढी आमची चैन आणि आमच्या बायका आम्हाला महागात पडतात म्हणे."

"त्याचं काय जात हुतं?"

"आणखी ऐका. इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इ. स. ७९ मध्ये शेजारचा ज्वालामुखी फुटला आणि ते राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची बाहुली निघाली, वीतभरापेक्षा थोडी मोठी. हातभर बांगड्या, पायांत वाळे, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. हिंदुस्थानातून गेलेली. तशाच घडणीची एक आपल्या संग्रहालयात आहे, एक भोकरदनला मिळाली. म्हणून कुणी म्हणतं, पाँपेईची बाहुली आपल्याच बाजूची. कुणी तिच्यावर कोरलेल्या खरोष्ठी खुणेवर बोट ठेवून म्हणतं, छे, वायव्येकडची."

"आपल्याकडचीच. अंगावर काय नेसलीय?"

"काही नाही. नुसते दागिने."

"कापडाचं गाव आन् बाहुली उघडी!" आक्कांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "आन् त्यो बायकांना नावं ठेवणारा? त्याचं पुढं काय झालं?"

"तोही त्याच ज्वालामुखीत गेला. धुरात घुसमटून."

आक्का हसायच्या थांबल्या. आभाळाकडं बघून दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. मग सूप उचललं. "जाते. शोषखड्डा आज तसाच ऱ्हाऊ दे म्हणते नातवाला. तू तुझ्या त्या संग्रालयवाल्यांना बोलव." ठिकरी मात्र त्यांच्या कमरेला गेली होती. मी हात पुढं केला. "देते की," म्हणाल्या, "येऊ दे तर त्यांना." आणि दोन पावलांवर जाऊन फोन काढला. आवाज मुद्दाम मोठा. "हॅलो, धारूर का? व्हय, मीच. म्हणलं तुमच्या कानावर आलंय का न्हाई…"

दिवेलागणीला दूधवाला आला. तो बार्शी रस्त्याच्या डेअरीवरून येतो, वाटेत तीन ठिकाणी थांबतो. माप ओतता ओतता म्हणाला, "वैनी, कळलं का? धारूरला शोषखड्डा खणताना हस्तिदंताची बाहुली निघाली म्हणं. हिथली साडी नेसली म्हणून रोमच्या राजानं बायकांना पाच कोटी दंड ठोकला हुता, आन् त्याच्यावर डोंगर फुटला. आता ती बाहुली न्यायला तिकडून मानसं यायलीत."

भिंतीपलीकडं सूप आपटल्याचा आवाज आला.