पॉइंटवाले काका

पॉइंटवाल्या काकांच्या हाती हात द्यायचा नसतो. शेकहँडसाठी पुढे केलेला हात ते लवकर परत करत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात त्यांचा अंगठा रुततो, आपण "आई गं" म्हणतो आणि काका समाधानानं मान डोलावतात. "दुखलं ना? पोट साफ नाही." न दुखलं तर प्रकरण जास्त गंभीर. "बघा, संवेदनाच गेलीय!" या दुहेरी निदानातून सुटलेला माणूस आमच्या सोसायटीत नाही.

काका मूळचे सोलापूरचे. नोकरी वीज मंडळात, मीटर रीडिंगची. निवृत्तीनंतर गुडघ्यानं छळायला सुरुवात केली. तो दाखवायला एका ॲक्युप्रेशरवाल्याकडे गेले आणि तिथलाच रविवारचा कोर्स करून आले. या पंथात पेशंट आणि थेरपिस्ट यांच्यात साधारण तीन खेपांचं अंतर असतं. आता हॉलच्या भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग आहे. कोर्स जितका आखूड तितकी प्रमाणपत्राची महिरप रुंद, हे माझं निरीक्षण. दोन दिवसांच्या 'मास्टर डिप्लोमा'वर तर नाव लिहायला कशीबशी जागा उरलीय.

"काका, शिकलात किती?" असं कुणी विचारलं की ते ठसक्यात सांगतात, "पाच हजार वर्षांची विद्या आहे!" आपण वय विचारावं आणि समोरच्यानं पणजोबांचं सांगावं, तसलं हे उत्तर. त्यात काकांचा हुकमी एक्का म्हणजे सुजोक. ही पद्धत बसवली कोरियाच्या प्राध्यापक पार्क जे-वू यांनी, 1980 च्या दशकात. काकांचं लग्न 1979 चं. काकूंनी हा हिशेब एकदा चारचौघांत मांडला, तेव्हा काकांनी त्यांच्या तळव्यावर रागाचा पॉइंट शोधायला घेतला.

सुजोकमध्ये अख्खा माणूस तळहातावर मावतो. अंगठा म्हणजे डोकं, मधलं बोट आणि अनामिका म्हणजे पाय, त्यांचा मधला सांधा म्हणजे गुडघा. तिथे कागदी चिकटपट्टीखाली मेथीचे दाणे. मूत्रपिंडाला राजमा, कारण आकार जुळतो. मेंदूला अक्रोड, तो मात्र पट्टीखाली टिकत नाही, म्हणून खायचा. आमच्या वाण्याचा मेथीचा खप वाढलाय, पण मेथीचे लाडू कुठल्याच घरात होत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरची नवी सून डॉक्टर आहे. तिनं सरळ विषयाला हात घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डॉक्टर नसलेल्यानं ॲक्युपंक्चर करायचं, तर अडीच हजार तास शिकायला हवं, त्यातले हजार प्रत्यक्ष पेशंटसमोर. चीनमध्ये तर विद्यापीठात पाच वर्षं घालवतात. काका डगमगले नाहीत. "बत्तीस वर्षं घरोघर मीटर बघत हिंडलोय. लाइन कुठे फॉल्टी आहे ते बोटाला कळतं. ते तास धरा की!" सून म्हणाली, महाराष्ट्रात 2015 चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी लागते. "ती सुई टोचणाऱ्याला. मी मेथी लावतो. मेथीला अजून परिषद नाही."

इथे सून गप्प झाली. मीही झालो असतो.

प्रमाणपत्रांच्या मधोमध डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची तसबीर आहे, हारासकट. "आमच्या सोलापूरच्या माणसानं ही विद्या भारतात आणली," असं काका प्रत्येक नव्या पेशंटला सांगतात. खरं म्हणजे कोटणीस शल्यविशारद. 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. ॲक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी. ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, शिकून आले आणि कोलकात्यात उपचार सुरू केले. हे मी सांगितलं, तेव्हा काका क्षणभर थबकले. मग म्हणाले, "बरं, पण पहिल्यांदा ते बसू कुणाबरोबर गेले होते?"

हल्ली काका स्वतःच वर्ग घेतात, पोहे-चहासकट. बी विंगमधले यच्चयावत पेशंट थेरपिस्ट झाले आणि दाबायला माणूस उरेना. त्यावर सेक्रेटरींनी तोडगा काढला. पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाशेजारी त्यांनी दुसरं वेळापत्रक लावलंय, कुठल्या वारी कुणी कुणाच्या हाती जायचं त्याचं. गुरुवारी मधुमेहाखाली माझं नाव आहे. मला मधुमेह नाही. त्या पॉइंटच्या सरावाला कुणीतरी हवं होतं.